पोटात पाणी असलेलं झाड

मी लिहिलेल्या एका पत्रकातला एकच शब्द माझ्यावर उलटला. तो शब्द होता बोन्साय.

पत्रक मुलींच्या वसतिगृहाबद्दल होतं. जळगावातल्या एका खाजगी वसतिगृहात संध्याकाळी सातला बाहेरून कुलूप लागायचं. मुलींनी तक्रार केली तर त्यांच्या गावी फोन जायचा. मी पानभर मजकूर लिहिला आणि मथळा दिला, 'आमच्या मुलींचे बोन्साय करू नका'. खाली लिहिलं की मुळं छाटायची, फांद्यांना तारा बांधायच्या, ताटलीएवढ्या जागेत कोंबायचं आणि वर पाहुण्यांना कौतुकानं दाखवायचं, ही या समाजाची बागकामाची रीत आहे. मला ते वाक्य फार आवडलं होतं. बोन्साय मी तोवर फक्त फोटोत पाहिलं होतं.

पत्रकांवरच मी वाढले. वडील, म्हणजे नाना, धुळ्यातल्या एका छोट्या छापखान्यात जुळारी होते. शिशाचा एकेक खिळा उचलून उलट्या अक्षरांच्या ओळी जुळवायचे. खिळे जाऊन संगणक आला तरी मालकानं त्यांना काढलं नाही, मुद्रितं तपासायला ठेवलं. चळवळीची पत्रकं तिथंच छापली जायची. खराब झालेले कागद नाना घरी आणत आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवायची. भागाकार चुकला की कागद उलटा करून वाचत बसायची. 'जाहीर निषेध' हे शब्द मला पाढ्यांच्या आधी वाचता येत होते. पुढे शिकून मी जळगावला आले, शालेय पुस्तकं छापणाऱ्या एका मुद्रणालयात मजकूर तपासायच्या कामाला लागले, आणि उरलेल्या वेळात स्वतःची पत्रकं लिहू लागले.

राहायला दोन मजली घरातला तळमजला मिळाला. वर घरमालकीण आणि त्यांचा मुलगा-सून. घराणं मूळचं राजस्थानातलं, जैन, कापडाचं दुकान. मालकीणबाईंचा जन्म मात्र एरंडोलचा. गल्ली त्यांना अक्का म्हणते, म्हणून मीही. घरात त्या मारवाडी बोलतात, बँकेत मराठी, आणि राग आला की अहिराणी. दुकानाच्या गल्ल्यावर बसून खेड्यापाड्यांतल्या गिऱ्हाइकांशी बोलून बोलून ती त्यांच्या तोंडी इतकी बसली आहे की माझी अहिराणी त्यांच्यापुढे पाहुणी वाटते. नाना घरात अहिराणी बोलायचे, पण माझ्याशी छापील मराठीत. 'तुला पत्रकाची भाषा आली पाहिजे,' म्हणायचे.

तर पत्रक छापून आलं त्या रविवारी अक्का कागद हातात घेऊन जिना उतरल्या.

"हाऊ कागद तुन्हा शे का?"

अहिराणी ऐकल्यावर मी सावध व्हायला हवं होतं. पण मी हो म्हणाले, छाती थोडी पुढे काढूनच.

"मुलींचं लिहिलंस ते बरोबर लिहिलंस," त्या म्हणाल्या. "कुलूप लावणाऱ्याचं नाव पण घालायला पाहिजे होतं. पण माझ्या झाडांना शिवी कशाला दिलीस?"

"शिवी नाही अक्का, ती उपमा आहे."

"उपमा नाश्त्याला करतात. वर ये."

गच्चीवर मी तोपर्यंत गेलेच नव्हते. हिरव्या जाळीखाली आठ-दहा पसरट कुंड्या होत्या. एका लांबट मातीच्या तबकात हातभर उंचीचं एक झाड होतं. बुंधा हत्तीच्या पायासारखा, खाली रुंद, सालीला सुरकुत्या. वर फांद्या पसरलेल्या, आणि फांद्यांवर वाटाण्याएवढी जाड, चकचकीत, मांसल पानं. लांबून पाहिलं तर शेताच्या बांधावरचं जुनं झाड वाटावं, ज्याखाली माणसं जेवायला बसतात.

"जेड आहे," अक्का म्हणाल्या. "सतरा वर्षांचं."

मी वाकून तारा शोधल्या. एकही नव्हती.

"या जातीला मी तार लावत नाही. अंग मऊ असतं, तार रुतते. नुसतं खुडायचं. शेंडा खुडला की तिथून दोन फुटतात. ते वाढले की त्यांचे शेंडे."

"मुळं तर छाटता ना?"

"दोन वर्षांनी एकदा. तू केस कापत नाहीस?"

"माझे केस मला विचारून कापतात."

अक्का हसल्या. मला वाटलं होतं, चिडतील. "मग विचार त्याला," त्या म्हणाल्या. त्यांनी दुसऱ्या कुंडीतल्या झाडाची बोटभर फांदी मोडली आणि माझ्या हातात दिली. "एक वर्ष सांभाळ. विचारत राहा. मग लिही काय लिहायचं ते."

"पाण्यात ठेवू?"

"नको. सावलीत आडवी पडू दे आठ दिवस. जखम सुकली पाहिजे. मग मातीत."

आठ दिवस मी थांबले नाही, तीन थांबले. कोवळी फांदी उघड्यावर टाकून ठेवणं मला निर्दयपणाचं वाटलं. आणि मातीचा तर प्रश्नच नव्हता, माझ्याकडे उत्तम माती होती. सोनगीरजवळ माझ्या काकानं दीड एकर रान घेतलं, तेव्हा नानांनी तिथली काळी माती खताच्या गोणीत भरून मला आणून दिली होती. आमच्या घराण्यानं पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या काळ्या मातीत राबून दिवस काढले. आपल्या नावाची काळी माती ही आमच्यासाठी साधी गोष्ट नव्हती. तुळस नाही तर निदान मिरची लाव, असं म्हणून ती गोणी माझ्या पडवीत ठेवली होती. मी त्या मातीत जेडची फांदी लावली आणि तांब्याभर पाणी घातलं.

दहा दिवसांत फांदी खालून काळी पडली आणि हात लावताच लोळली.

अक्कांनी कुंडी उलटी केली. ओल्या मातीचा एकसंध गोळा निघाला. "केळी लावनी व्हती का?"

"काकाच्या शेतातली आहे," मी म्हणाले. "चांगली माती आहे."

"चांगलीच आहे. म्हणूनच पाणी सोडत नाही. कापसाला लागते, केळीला लागते. याला भिकार माती लागते."

मग मला काम मिळालं. मागच्या गल्लीत घर बांधायचं चाललं होतं. तिथून फुटक्या विटांचे तुकडे आणायचे, ते फोडायचे, बारीक खडी धुवायची, आणि सगळं जुन्या चाळणीतून चाळायचं. चाळताना माझे हात चुकत होते. पीठ चाळताना खाली पडतं ते ठेवतात आणि वर राहतं ते फेकतात. इथं खाली पडणारी धूळ फेकायची आणि वरचे खडे ठेवायचे. त्यात मूठभर शेणखत, थोडा कोळशाचा चुरा. कुंडीत घालून पाणी ओतलं तर दोन श्वासांत खालच्या भोकातून बाहेर. मला त्या कोरड्या खड्यांत झाड लावताना लाज वाटत होती. कोणाला दगडावर झोपायला सांगावं तसं.

दुसरी फांदी जगली. महिनाभरानं तिच्या टोकाला मोहरीएवढी दोन पानं आली, आणि मी कामावर जाताना रोज थांबून पाहू लागले. पाणी कधी द्यायचं ते अक्कांनी बोटांनी शिकवलं. पान चिमटीत धरायचं. टणक असेल तर हात मागे घ्यायचा. धुणं धुतल्यावर बोटांची टोकं होतात तसं पान सुरकुतलं, मऊ लागलं, की मग द्यायचं, भरपूर द्यायचं.

"पोटमा पानी शे त्यान्हा," अक्का म्हणायच्या. "तीस लागनी की तोच सांगस."

तहान लागली की तो सांगेल. मला ते पटायला वेळ लागला. मी ज्या घरातून आले तिथं कुणी तहान लागल्याचं सांगेपर्यंत थांबायचं नसतं. पाहुणा उंबऱ्यात दिसला की आधी पाण्याचा पेला. धुळ्याला आमच्या गल्लीत नळ काही दिवसांआड येतो, तरी दाराबाहेरचा माठ नाना कधी रिता राहू देत नाहीत. येणारा-जाणारा कुणीही, न विचारता.

हिवाळ्यात नाना दोन दिवस आले होते तेव्हा अक्का त्यांना भेटायला खाली आल्या. नानांनी रिवाजाप्रमाणे पेला पुढे केला. अक्का म्हणाल्या, "नको, मी उकळलेलंच पिते."

नाना म्हणाले, "बरं." आणि पेला खाली ठेवला.

अक्का गेल्यावर मी सांगितलं, "नाना, त्या जैन आहेत. पाणी उकळूनच पितात, तेही सूर्य मावळायच्या आत. लग्नाला गेल्या तरी स्वतःची बाटली नेतात."

"असेल," नाना म्हणाले.

मी आणखी पटवायचा प्रयत्न केला नाही. मला स्वतःलाही पहिल्या महिन्यात तोच प्रश्न पडला होता, पाणी नको की आमच्या हातचं नको. आम्हाला तो पडतोच, आणि पडू नये असं सांगणाऱ्यांना तो पडलेला नसतो.

उन्हाळा लागताना अक्कांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. सुरतला मुलगी असते, तिच्याकडे दोन महिने. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मुलाकरवी ते मोठं जेड माझ्या पडवीत आणून ठेवलं.

"बाकीची झाडं तो पाहील. पाइपनं पाणी मारतो, ती सोसतात. हे सोसणार नाही."

मी म्हणाले, "अक्का, मला भीती वाटते. मी शिकाऊ आहे."

"म्हणून तर. शिकणारा घाबरतो. घाबरलेला पाणी कमी घालतो." मग त्या पडवीच्या पायरीवर बसल्या. गुडघा दाबत दाबत म्हणाल्या, "मी चोवीस वर्षं गल्ल्यावर बसले. यांना कापडातलं कळायचं, मला माणसांतलं. हे गेले, आणि मुलं म्हणाली, आई आता आराम कर. प्रेमानंच म्हणाली. आरामात काय करायचं ते कोणी सांगितलं नाही. त्या महिन्यात बँकेच्या बाहेर कुंडी होती, तिच्यातली फांदी खाली पडलेली. उचलून आणली. ती ही."

पत्रकात मी याहून खूपच कमी दुःखांवर परिच्छेद लिहिले होते.

"आठ दिवसांनी एकदा," अक्का उठताना म्हणाल्या. "तेही पान दाबून. विसरलीस तर चालेल. सारखी आठवण ठेवलीस तर मरेल."

अक्का गेल्या आणि पंधरा दिवसांनी नाना आले. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा होता. ऑपरेशन नीट झालं. काळा चष्मा, दिवसातून चार वेळा थेंब, महिनाभर वाचन बंद. आयुष्यभर अक्षरं वाचलेल्या माणसाला नुसतं बसवून ठेवणं अवघड असतं. मी सकाळी नऊला जाई, सहाला येई. नाना पडवीत खाट टाकून त्या झाडासमोर बसत. पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला होता. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नसे.

पहिल्याच दिवशी मी निघताना सांगितलं, "नाना, याला पाणी द्यायचं नाही."

नाना म्हणाले, "बरं."

का, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मुद्रणालयाची गाडी चुकवायची नव्हती.

तीन आठवडे गेले. मी दर शनिवारी पान दाबून पाही. पान टणक असे, उलट फुगलेलं. मी मनात म्हणे, कसलं चिवट झाड आहे, एवढ्या उन्हात थेंब न घेता. मी खरंच त्याच्याबद्दल आदरानं विचार करू लागले होते. एका शनिवारी पान दाबलं तर ते फांदीवरून गळूनच पडलं. शेजारचंही. ती पानं पिवळट, काचेसारखी आरपार झाली होती. मी बुंध्याला हात लावला. अंगठा आत गेला.

वास आला. नासक्या काकडीचा.

"नाना," मी म्हणाले, "याला पाणी घातलं का कुणी?"

नाना खाटेवर बसले होते. काळ्या चष्म्यामुळे डोळे दिसत नव्हते. "रोज एक तांब्या," ते म्हणाले. "तू गेल्यावर."

"मी सांगितलं होतं, द्यायचं नाही."

"सांगितलं होतं."

"मग? एक गोष्ट सांगितली होती. एकच. त्या बाईचं सतरा वर्षांचं झाड आहे ते. तुम्हाला ऐकू येत नाही का?"

मी आणखीही बोलले. ते इथं लिहीत नाही. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग माझ्याशी अहिराणीत बोलले, जे ते कधी करत नसत.

"दुपारले मी त्यान्हा समोर बशीसन पानी पेस. तो देखत राहस. मन्हा घाटीमा पानी उतरे ना." मग म्हणाले, "मन्ही माय विहिरवर उभी राहे. घडा लिसन. कोनी टाकी पानी म्हनीसन. भरेल विहिर. आनि लोके म्हनेत, यास्ले पानी देवानं नही."

मी गळलेली दोन पानं उचलली.

विहिरीची ती हकिगत मला पाठ होती. पत्रकांतून. कुणाचीतरी आई घडा घेऊन भरल्या विहिरीवर ताटकळत उभी आहे आणि कुणी वरून ओतेल याची वाट पाहते आहे, हे मी लहानपणापासून वाचत आले होते. माझ्या स्वतःच्या लिखाणातही ते दोनदा आलं आहे. लहानपणी वाचलेले ते मजकूर नानांनी खिळ्याखिळ्यानं जुळवले होते. ती आई माझी आजी होती, हे त्यांनी मला एकदाही सांगितलं नव्हतं. आणि मी घाईत, चपला घालता घालता, त्यांना तेच वाक्य, 'पाणी द्यायचं नाही', ऐकवून कामावर गेले होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. अक्कांचा फोन दर रविवारी येई.

"कसं आहे माझं?"

"बरं आहे," मी म्हणाले. गुडघ्याची चौकशी केली, दोन इकडचं तिकडचं बोलले, आणि फोन ठेवला. माझ्या पोटातलं पाणीसुद्धा हललं नाही, याचंच मला नंतर नवल वाटलं. मी ठरवलं होतं की अजून दुखणं ताजं आहे, इतक्यात सांगू नये. खरं कारण वेगळं होतं. सांगितलं तर नानांचं नाव घ्यावं लागणार होतं. ज्या बाईनं त्यांच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं, तिच्यापुढे.

नाना खाटेवरून म्हणाले, "चुकीचं छापलंस."

"काय?"

"बरं आहे म्हणालीस ते. चुकीचं छापलं तर शुद्धिपत्र काढावं लागतं. लावून दे फोन."

"मी सांगते नाना, मीच सांगते."

"चूक ज्याची, शुद्धिपत्र त्याचं. लाव."

मी फोन लावून त्यांच्या हातात दिला, स्पीकरवर ठेवला.

"अक्का, मी पोरीना बाप," नाना म्हणाले. "तिनी खोटं सांगं तुमले. झाड सडनं. पानी मी दिधं. तिनी नही म्हनेल व्हतं, तरी दिधं."

पलीकडे कुठंतरी कुकरची शिटी वाजली. मग अक्का म्हणाल्या, "वास कसा येतो?"

"नासेल काकडीना."

"कुठपर्यंत मऊ आहे?"

मी सांगू लागले, पण मला नीट सांगता येईना. वरून सगळं सारखंच दिसत होतं. नाना उठले, चाचपडत झाडापाशी बसले आणि दोन बोटांनी बुंधा खालून वर चाचपू लागले. त्या बोटांना अंधारात अ आणि आ यांतला फरक कळायचा. "खालून एक वीत गयं," ते म्हणाले. "डावी फांदी गयी. उजवी आते तरी कठीन शे."

"मग उजवी वाचवा," अक्का म्हणाल्या. "चाकू गॅसवर धरून लाल करा, गार होऊ द्या. पोरी, तू काप. आबा, तुम्ही बोट लावून बघा. कापलेल्या जागी तपकिरी ठिपका दिसला की आणखी वर कापायचं. दया करू नका."

मी कापायला लागले. पहिल्या कापाला आत चिखल होता. नानांनी बोट लावलं. "अजून."

मी दोन बोटं वर कापलं. मधोमध तपकिरी ठिपका. "अजून," मी म्हणाले. पुन्हा कापलं. नानांनी बोट फिरवलं, थोडं दाबलं. "अजून थोडं." सुरी आत गेली तेव्हा आवाज बदलला, कच्च्या पपईसारखा. कापलेली जागा पांढरट हिरवी, स्वच्छ.

"आते थांब," नाना म्हणाले.

हातभर झाडातून टीचभर फांदी उरली. तिला सात-आठ पानं होती.

"सावलीत, कागदावर, दहा दिवस," फोनमधून अक्का म्हणाल्या. "आणि आबा, पानी नही हां."

"नही," नाना म्हणाले. मग म्हणाले, "माफी करा."

अक्कांनी फोन ठेवला.

ते दहा दिवस मी नानांना पाहत होते. फांदी पडवीत जुन्या पत्रकावर आडवी पडलेली असे. नाना खाट तिथंच ठेवत, पण पाणी प्यायचं झालं की उठून आत स्वयंपाकघरात जात आणि भिंतीकडे तोंड करून पीत. मी त्यांना समजावलं की तिच्या पानांत पाणी आहे, ती तिचं पिते आहे. नाना म्हणाले, "माहीत शे." तरी आत जाऊनच पीत.

त्याच दिवसांत वसतिगृहाचं दुसरं पत्रक काढायचं होतं. पहिल्यानं काही झालं नव्हतं, कुलूप तसंच होतं. मी मजकूर नानांना वाचून दाखवला. मथळा होता, 'सातचे कुलूप काढा'. त्यांनी पूर्ण ऐकलं.

"बोन्साय काढलं?"

"काढलं."

"कुलुपाला कुलूपच म्हणलंस ते चांगलं केलंस," ते म्हणाले. कुलूप लावणाऱ्याचं नावही या वेळी होतं.

अकराव्या दिवशी मी फांदी विटांच्या कोरड्या चुऱ्यात लावली, अक्कांच्याच तबकात. एवढ्या मोठ्या तबकात ती एखाद्या मैदानात उभ्या केलेल्या पोरीसारखी दिसत होती. अक्कांनी कळवलं होतं की मुळं धरेपर्यंत अजूनही पाणी नाही. पानं हळूहळू सुरकुतत चालली. नानांचा काळा चष्मा सुटला, धुळ्याला जायची मोकळीक मिळाली, पण ते गेले नाहीत. म्हणाले, अक्का येईपर्यंत थांबतो.

अक्का काठी टेकत आल्या. मुलानं त्यांना सरळ वर न्यायचा प्रयत्न केला, पण त्या पडवीत थांबल्या. मी खुर्ची दिली. त्यांनी तबकाकडे पाहिलं.

"सतरा वर्षं," त्या म्हणाल्या. असू दे, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाव्यात अशी माझी अपेक्षा होती, आणि त्या म्हणाल्या नाहीत हे मला अजूनही योग्य वाटतं. मग विचारलं, "खोड कुठंय? फेकलं?"

नानांनी फेकू दिलं नव्हतं. कुंपणाच्या भिंतीवर उन्हात ठेवलं होतं. त्यांनी ते आणून दोन्ही हातांनी अक्कांच्या पुढे केलं. अक्कांनी घेतलं आणि त्यांचा हात एकदम वर गेला, जड समजून उचललेली वस्तू हलकी निघाली की जातो तसा. वाळून नुसत्या शिरा उरल्या होत्या.

"बठ्ठं पानीच व्हतं," अक्का म्हणाल्या. सगळं पाणीच. त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि खोड मांडीवर ठेवलं.

मग पुढे वाकून त्यांनी ती छोटी फांदी चिमटीत धरली आणि अगदी हलकेच वर ओढली. फांदी हलली नाही. "धरलंय," त्या म्हणाल्या. एक पान दाबलं. मलाही दाबायला लावलं. धुणं धुतलेल्या बोटांसारखं.

"आज द्यायचं," अक्का म्हणाल्या. "आबा, तुम्ही द्या."

"मी?" नाना म्हणाले. "मन्हा हातवर भरोसा शे तुमना?"

"हातवर शे. तांब्यावर नही."

माझा हसण्याचा आवाज जरा मोठाच निघाला. नाना आत वळले, नळ सोडायला. अक्कांनी हटकलं. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार आहे, नव्या मुळांना नको. त्यांनी पिशवीतून स्वतःची प्रवासातली बाटली काढली. उकळून गार केलेलं पाणी. झाकण उघडून बाटली नानांच्या हातात दिली, झाकणही दिलं.

"या टोपणानं दोन."

नानांनी टोपण भरलं. दुसऱ्या हातानं मनगट धरलं. एक टोपण फांदीच्या बुडाशी ओतलं, ते दिसेनासं होईपर्यंत थांबले. दुसरं ओतलं.

"अजून?"

"बस. आते आठ दिन नही."

"बरं," नाना म्हणाले, आणि बाटली परत दिली.

पाच वाजले असतील, ऊन अजून कुंपणावर होतं. अक्कांनी बाटली वर धरली आणि उरलेलं पाणी त्या नेहमी पितात तसं, ओठ न लावता, घोट घोट प्यायल्या. मी पाहिलं. नानाही पाहत होते. मग त्या काठी शोधू लागल्या, आणि नानांनी ती उचलून त्यांच्या हातात दिली.